आखाजीच्या दिवशी भरलेलं बॅरल

मला ज्यांनी सांभाळून घेतलं त्या बाईंचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते चालणार नाही. आमच्याकडे सगळे त्यांना अक्का म्हणतात, त्यांचा धाकटा भाऊसुद्धा. धुळ्याहून साक्रीकडे जाताना, रस्त्यापासून बरंच आत, द्राक्षांच्या मळ्याला लागून वाइनचा एक छोटा कारखाना आहे. जमीन आणि कारखाना त्या भावाचा, म्हणजे नानांचा. आत वाइन कशी बनवायची हे ठरवणार अक्का. त्या आधी जळगावला कॉलेजात शिकवायच्या. ती नोकरी सोडून पन्नाशीच्या आसपास या कामात आल्या, आता साठीला टेकल्या आहेत. माझ्यासाठी त्यांनी जे केलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. म्हणून आधी त्यांचं लिहिलं, आता काय झालं ते लिहिते.

मी सिंधुदुर्गातली. आठवीत शाळा सुटली, म्हणजे सोडलीच, आणि काजूच्या कारखान्यात जायला लागले. काजू फोडून हात काळे होतात, ते लग्नाच्या हळदीतही पिवळे होत नाहीत असं आमच्यात चेष्टेने म्हणायचे. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे तपासायची वेळ आली नाही. पुढे आंब्याचा रस भरणाऱ्या कारखान्यात बाटल्या भरायच्या मशीनवर लागले. तो कारखाना बंद झाला आणि मशीन विकायला निघालं. ते बघायला लांबून एक बाई आल्या. सुती साडी, पायात बूट. मशीनभोवती दोनदा फिरल्या आणि म्हणाल्या, "हे चालवतं कोण?"

मालकांनी माझ्याकडे बोट केलं.

"बिघडलं तर?"

"मीच उघडते," मी म्हटलं.

"मग तूही चल."

मशीन आणि मी एकाच टेम्पोतून धुळ्याला आलो. पुढे मी, मागे ताडपत्रीखाली मशीन. वाटेत घाटात ड्रायव्हर म्हणाला, मशीन तर यांना लागणार, तुम्ही कशाला? अजून कधीकधी पहाटे डोळे उघडले की तो प्रश्न आठवतो.

इथे आल्यावर मला काहीच कळेना. बाया आपापसात अहिराणी बोलत, ती मला अर्धी कळायची. 'बठ्ठं' म्हणजे सगळं हे कळायला मला चार दिवस लागले. जेवणात शेवेची भाजी, ती तिखट, आणि मासा नावाला नाही. बाहेर अंगाची लाहीलाही आणि बॅरलच्या खोलीत थंडी, स्वेटर घालून काम. बाटल्या धुणारी मावशी मला म्हणायची, "ओ माय, तू बाहेर घाम पुसस आनि मधमा नाक पुसस." खरंच होतं ते. मी दिवसभर काहीतरी पुसतच असायचे.

पण काम शिकले. सोमवारचं काम तर माझ्या एकटीचं झालं. लाकडी बॅरलमधली वाइन थोडीथोडी उडून जाते, लाकूड पिते, वर रिकामी जागा होते. त्या जागेत हवा बसली की वाइन आंबते, व्हिनेगर होतं. म्हणून दर सोमवारी प्रत्येक बॅरलचं बूच काढायचं, त्याच जातीच्या वाइनने काठोकाठ भरायचं आणि बूच लावायचं. अक्कांनी मला हे शिकवलं तेव्हा एकच गोष्ट तीनदा सांगितली: वर हवा राहता कामा नये. मी ते असं धरून ठेवलं की सुट्टीत गावी गेले तरी आईचा तांब्या अर्धा दिसला की हात शिवशिवायचे.

या सगळ्यात एकच बॅरल वेगळं. खोलीच्या शेवटच्या कोपऱ्यातलं. मी आले तेव्हा ते भरून दोन वर्षं झाली होती. अक्कांनी पहिल्याच आठवड्यात मला तिथे नेऊन उभं केलं.

"याला सोमवार नाही," त्या म्हणाल्या. "याला कुणी हात लावायचा नाही."

मग त्या बराच वेळ बोलल्या. फ्रान्समध्ये ज्युरा नावाचा एक भाग आहे, स्वित्झर्लंडला लागून, डोंगरातला. तिथल्या वाइनचं नाव फ्रान्सच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. अक्का तिथे एक हंगाम आणि एक हिवाळा राहून आलेल्या, एका म्हाताऱ्या जोडप्याकडे. तिथे एक पिवळी वाइन करतात. सहा वर्षं तीन महिने बॅरलमध्ये झोपू द्यायची. आणखी एक वाइन करतात ती द्राक्षं कडब्यावर पसरून, महिनोन् महिने सुकवून. मी वहीत लिहून घेत होते. वही अजून आहे. त्यात लिहिलंय: 'ज्युरा. डोंगर. बर्फ. पिवळी. ६ वर्षं ३ महिने. झोपू द्यायचं. द्राक्ष वेगळं, ते इथे नाही, म्हणून आपल्या मळ्यातली पांढरी शेनिन घातली.' बस्स. झोपू द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही, हे लिहिलेलं नाही. अक्कांनी सांगितलं असणार. त्या काही अर्धवट सांगणाऱ्यातल्या नाहीत. मी 'बर्फ' लिहीत होते तेव्हा सांगितलं असेल.

ऑफिसच्या खिडकीत त्या वाइनची रिकामी बाटली होती, अक्कांनी तिकडून आणलेली. बुटकी, खांदे रुंद. अक्कांनी तिच्यात मनीप्लांट लावला होता. आपल्या नेहमीच्या बाटलीपेक्षा लहान. का, तर लिटरभर वाइन ठेवली की सहा वर्षांनी जेवढी उरते तेवढीच बाटली करायची, अशी तिकडची रीत. हे ऐकून नाना म्हणाले होते, "म्हणजे आटवून आटवून विकतात. बासुंदीच की मग!" आणि कडब्यावरच्या द्राक्षांचं ऐकून म्हणाले, "आणि बैलांनी काय खायचं? फ्रेंच फ्राय?"

अक्का हसल्या होत्या. पण नानांची मस्करी वरवरची होती. खोलीतली ती जागा त्यांनी मोठ्या मिनतवारीनंतर दिली होती. त्यांचं म्हणणं, द्राक्ष तिकडचं नाही, हवा तिकडची नाही, नावही आपल्याला लावता येणार नाही, मग कशाला? अक्का म्हणायच्या, नाव नको, रीत शिकायची आहे. शेवटी ठरलं ते असं: हे एक बॅरल चार वर्षं नीट राहिलं तर पुढच्या हंगामापासून दरवर्षी एक भरायचं. व्हिनेगर झालं, किंवा त्यात काही उचापत करावी लागली, तर हा नाद बंद. अक्का त्या चौथ्या हंगामाची वाट बघत होत्या. नव्या वर्षाची शेनिन टाकीत वेगळी काढून ठेवली होती. धुऊन सुकवलेलं दुसरं रिकामं बॅरल पहिल्याच्या शेजारी येऊन बसलं होतं.

आणि नेमकं तेव्हा अक्कांच्या आई जळगावच्या घरी पाय घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन. अक्का त्याच दुपारी जळगावला गेल्या, जाताना मला म्हणाल्या, "तू आहेस ना, मला काळजी नाही." त्या वाक्याने मला इतकी काळजी लागली की विचारू नका.

पहिला सोमवार गेला. मी सगळी बॅरलं भरली. कोपऱ्यातल्याला हात लावला नाही, पण जाता जाता बोटाच्या पेराने ठोकलं. वरच्या अंगाला पोकळ वाजलं. पाण्याचा अर्धा माठ वाजतो तसं.

आता इथे माझी चूक सुरू होते. मला दोन वर्षं असं वाटत होतं की हे बॅरल अक्का स्वतः भरतात. 'कुणी हात लावायचा नाही' म्हणजे आम्ही कुणी नाही, त्या लावतात. मोठी माणसं आपली खास वस्तू स्वतःच बघतात, तसं. आणि आता त्या नाहीत, म्हणजे ते कुणीच बघत नाहीये. आणि पोकळ वाजतंय.

दुसऱ्या सोमवारी मी बूच काढलं. फक्त बघायला. मोबाइलचा टॉर्च लावला. खूप खाली वाइन, आणि तिच्यावर पांढरट राखाडी, सुरकुतलेली साय. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीवर ऐन पावसाळ्यात येते तशी. आणि वास. वाइनचा वास मी दोन वर्षांत ओळखायला शिकले होते, पेरू, लिंबू, कधी अननस. हा तसला नव्हता. हा मेथीचा वास होता. भाजलेल्या मेथीदाण्याचा.

मला पहिल्यांदा वाटलं, मावशीने थंड खोलीत डबा ठेवला असेल. तिला गुडघ्यांसाठी मेथी खायची सवय. मी रॅकखाली बघितलं, पाइपांच्या मागे बघितलं, रिकाम्या बॅरलमध्येसुद्धा नाक घातलं.

मावशी दारात येऊन उभी. "काय धुंडी ऱ्हायनी?"

"मावशी, तुमचा मेथीचा डबा कुठंय?"

"आठे मेथी कोन आनी वं? डबा मना घर शे."

"मग वास कसला येतोय?"

तिने दोनदा नाक ओढलं. "मना नाकले काही वास नही येस. तुले सर्दी व्हयनी." आणि गेली.

पातळी उतरलेली, वर बुरशी, वासाला मेथी. तिन्ही वाईट. अक्कांना फोन करावा असं दहादा वाटलं. पण एकदा केला तेव्हा मागून कुणीतरी कण्हत होतं आणि अक्का म्हणाल्या, "बोल पटकन, सलाइन संपतंय." मी म्हटलं, "काही नाही, सहज." माणूस दवाखान्यात असताना त्यांना बुरशी कशी सांगायची? ज्यांनी मला मशीनबरोबर आणलं, पगार दिला, खोली दिली, ज्यांच्यामुळे माझा भाऊ शाळा सोडल्याशिवाय दहावी झाला, त्यांची एकुलती एक जिवापाड जपलेली वस्तू मी त्यांच्या मागे सडू दिली, असं व्हायला नको. मला फक्त हेच दिसत होतं.

आणि मग आखाजी आली.

आमच्याकडे अक्षय तृतीया म्हणजे कॅलेंडरवरचा एक दिवस. इथे मोठा सण. मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. घरात मातीची नवी घागर पाण्याने भरून गेलेल्या माणसांच्या नावाने पुजतात. कारखान्याला सुट्टी होती, पण मी सकाळी थंड खोलीचं तापमान बघायला आलेच. मावशी गावातून मला सांजोरी द्यायला आली. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू.

"ओ माय, तू अजून आठेच? आज आखाजी शे."

"माहितीय."

"घागर भरी का?"

"आमच्यात नाही भरत."

"तुमना कोकनमा नही भरतस?" तिला हे फार नवलाचं वाटलं. "मंग तुमना पितर पानी कथाईन पेतस?"

मी म्हटलं, समुद्र आहे ना. ती हसली, मग एकदम गंभीर झाली आणि आजूबाजूला बघत म्हणाली, "आज घरमा काही रितं ठेवानं नही. बठ्ठं भरेल पाहिजे." आणि सहजच, जाता जाता, कोपऱ्यातल्या बॅरलवर थाप मारली. ते ढुम्म वाजलं.

तिने काही मुद्दाम केलं नाही. तिला त्या बॅरलबद्दल काही माहीतच नव्हतं. ती गेली आणि मी तिथे उभी. एवढा मोठा सण, सगळ्या गावात सगळं भरलेलं, आणि अक्कांचं जपलेलं बॅरल तेवढं वरून रितं. ते मला अपशकुनासारखं वाटायला लागलं. त्यांची आई तिकडे ऑपरेशन होऊन पडलेली. मी शिकलेली असते तर हसले असते बहुतेक. मला हसू आलं नाही.

मी टाकीतल्या नव्या शेनिनचे दोन कॅन भरून आणले. चाळीस लिटर. नरसाळं लावलं. देवाचं नाव घेतलं आणि हळूहळू ओतलं. काठोकाठ. मग बूच लावून वरून हळदीकुंकवाचं बोट लावलं, अक्कांच्या आईच्या नावाने. ठोकून बघितलं. पोकळ वाजलं नाही. मला इतकं बरं वाटलं! त्या दिवशी मी मावशीच्या घरी जाऊन झोक्यावरसुद्धा बसले.

दुसऱ्या दिवशी बूच काढलं तर सायीचे तुकडे तुकडे होऊन काही तरंगत होते, काही खाली जाताना दिसत होते. माझ्या लक्षात काहीच आलं नाही, पण मनाने घेतलं. काहीतरी मोडलं होतं. तीन दिवस मी जेवले नाही नीट. चौथ्या दिवशी बूच काढून पाण्याच्या बाटलीत थोडी वाइन घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि रस्त्यावर येऊन आधी धुळ्याची, मग धुळ्याहून जळगावची एसटी धरली. पारोळ्यापर्यंत बाटली मांडीवर होती. एरंडोलला शेजारी एक आजोबा बसले, त्यांनी विचारलं, "काय शे माय, गोमूत्र?" मी हो म्हटलं. त्यांनी हात जोडले. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते.

दवाखान्यात अक्का आईच्या पलंगाशी स्टुलावर बसून संत्रं सोलत होत्या. मला बघून उभ्याच राहिल्या. "काय झालं? आग लागली का?"

"नाही. मी कोपऱ्यातलं बॅरल भरलं."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळं, पोकळ आवाज, बुरशी, मेथी, आखाजी, दोन कॅन. त्या खाली बसल्या. हातातलं संत्रं तसंच.

"दोन कॅन," त्या म्हणाल्या. "चाळीस लिटर."

"हो."

"तो पडदा होता गं. तिकडे ते त्याला पडदाच म्हणतात. बुरशी नाही ती. वाइन उतरते, वर हवा येते, आणि मग तो पडदा धरतो आणि वाइनला हवेपासून राखतो. त्यासाठीच तर भरायचं नसतं. सगळी वाइन त्या पडद्याखाली होते. चार वर्षं लागली एवढा धरायला."

मी बाटली त्यांच्यासमोर धरली, पुरावा असल्यासारखी. त्यांनी झाकण काढलं. आईच्या पाण्याच्या स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली आणि नाकाशी नेली. डोळे मिटले. मला वाटलं आता रडतील.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. अक्कांच्या आई डोळे न उघडताच बोलल्या, "लाडू कोन लयनं?"

"कोणी नाही आई. झोप."

"मेथीना वास येस. मेथीना लाडू लयनी का वं पोरी? लय दिवसमा कोनी मेथीना लाडू नही दिधा."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग पेल्यात बघितलं. मग हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, इतक्या की शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. मला काहीच समजेना. मी त्यांचं चार वर्षांचं काम मोडून आले होते आणि त्या हसत होत्या.

"तिकडचा म्हातारा मला हेच सांगायचा," हसू आवरून त्या म्हणाल्या. "अक्रोड, आणि मग हा वास. त्याला नाव काय द्यावं कळेना त्याला. तो म्हणायचा, तुमच्या करीसारखा, मसाल्यासारखा. मी म्हणायचे, मेथी. त्याने मेथी कधी बघितलीच नव्हती." मग पेला पुन्हा नाकाशी. "चौथ्या वर्षीच आली. मला वाटलं होतं इथे येणारच नाही."

"म्हणजे चांगलं झालं?" मी विचारलं.

"चांगलं होत होतं," त्या म्हणाल्या. आणि आता हसत नव्हत्या. "मिसळलं ते मिसळलं गं. ते काढता येत नाही. चाळीस लिटर परत काढू, वर जागा करू, पडदा पुन्हा धरला तर धरला. नाही धरला तर व्हिनेगर. धरला तरी चार वर्षं मागे गेली असं धर. तीन तरी."

मी तिथे जमिनीवर बसले. अक्कांनी संत्र्याच्या फोडी माझ्या हातात दिल्या. "खा. तू काही खाल्लेलं दिसत नाही." मी खाल्ल्या. त्यांनी माझ्यावर रागवावं असं मला वाटत होतं, पण त्यांनी विचारलं ते हे: "धुळ्याला एसटी बदलून आलीस? बस लागत नाही ना तुला?"

दहा दिवसांनी अक्का परत आल्या, नानांच्या गाडीतून, नानाही बरोबर. आल्या आल्या नाना थेट थंड खोलीत. दुसरं बॅरल भरायचा मुहूर्त ठरवायला आले होते. मी मशीन पुसत होते, दार उघडं होतं. नानांनी सवयीने कोपऱ्यातलं बॅरल ठोकलं. पुन्हा ठोकलं.

"अक्का, हे भरलेलं वाजतंय."

अक्कांनी शेजारच्या बॅरलवरची धूळ पदराने पुसली.

"तू तर म्हणायचीस, याला हात लावायचा नसतो. चार वर्षं ऐकतोय मी. कोणी भरलं?" आणि त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.

माझ्या तोंडातून शब्द निघत नव्हता. निघाला असता. आणखी एक श्वास मिळाला असता तर निघाला असता, असं मी स्वतःला अजून सांगते.

"मी सांगितलं होतं," अक्का म्हणाल्या. "जळगावहून फोनवर. आईच्या गडबडीत डोकं ठिकाणावर नव्हतं. मला वाटलं पातळी फार उतरली."

"तू?" नाना म्हणाले. "तूच?"

"हो, मीच. आता काढायला लागेल परत."

नाना वाईट माणूस नाहीत. ओरडले नाहीत. थोडा वेळ रिकाम्या बॅरलवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "अक्का, तुलाच भरवसा नाही राहिला याच्यावर, तर मी कशाला ठेवू? हे एक राहू दे, निघालं तर निघालं. पण नवीन यंदा नाही. ही शेनिन बाटलीत जाऊ दे." आणि मला म्हणाले, "उद्या मशीन लावा."

दुसऱ्या दिवशी पिवळ्या वाइनसाठी ठेवलेली शेनिन मी माझ्या हाताने, माझ्या मशीनवर बाटल्यांत भरली. अक्का समोर बसून बुचं तपासत होत्या. दुपारी त्यांनी मला चहा दिला. मी म्हटलं, "अक्का, मी नानांना सांगते."

"नाही सांगायचं."

"पण चूक माझी..."

"तू गेलीस तर हे मशीन कोण उघडणार? गप बस." आणि मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "मला सहा वर्षांच्या किती फेऱ्या उरल्यात हे मला कळतं. तुला सबंध जन्म पडलाय. हिशोब मला जमतो."

मला तो हिशोब आजही पटत नाही. मला तो नीट कळलेलाही नाही. त्यांनी माझ्यासाठी दिलं ते एक बॅरल होतं की सहा वर्षं होती, की नानांचा त्यांच्यावरचा भरवसा होता, मी रोज वेगवेगळं उत्तर काढते.

आम्ही चाळीस लिटर काढले. अक्कांनी नवं बूच सैल लावलं, हवा यायला. दर आठवड्याला मी टॉर्च लावून बघायचे, आता अक्कांना सांगून. जून गेला, काही नाही. जुलै संपता संपता काठाला एक पांढरा ठिपका दिसला, नखाएवढा. मी अक्कांना हाक मारली. त्या आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "दिसतंय काहीतरी. धरेल की नाही सांगता येत नाही." दिवाळीला तो तळहाताएवढा झाला. मी खूश व्हावं की घाबरावं हे मला अजून ठरवता येत नाही. वासात मेथी आहे की मला ती येतेय असं वाटतं, हेही. मावशीला विचारलं तर ती म्हणते तुले अजून सर्दी शे.

यंदाचा हंगाम आता आलाय. नानांनी अजून दुसऱ्या बॅरलचं नाव काढलेलं नाही, आणि अक्कांनीही नाही. मला त्यांचं गप्प राहणं बघवत नाही. मी आठवी नापास म्हणावी अशी बाई, मला भाषण येत नाही, नानांसमोर तर नाहीच. पण मी रोज थोडं थोडं जमवतेय, काय बोलायचं ते. अक्का, एक दिवस, आणि तो फार लांबचा असणार नाही, मी नानांना सांगेन की त्या दिवशी फोन आलाच नव्हता, भरणारा हात माझा होता, आणि तुम्ही चुकला नव्हतात. मग ते मला ठेवोत की टेम्पोत घालून परत पाठवोत. तुमचं दुसरं बॅरल मी तुम्हाला मिळवून देईन.